पाव फेरा मागे

ब्लायनायला आमच्या शेडचं छप्पर पाटीच्या दगडाचं,
कुंपण त्याचंच, पावसाळी ओहोळही त्याच रंगाचा.
बाबांची वही म्हणजे छपराचा एक फुटका तुकडा,
त्यावर खिळ्यानं आकडे ओरखडतात:
सातशे सत्त्याऐंशी. सातशे सत्तर. सातशे एकसष्ट.
"एलिनेड, ही बंदूक नव्हे,
ही सर्दी झालेली मावशी आहे माझी."

रात्रभर टेकवून ठेवली
की सकाळचा पहिला छर्रा उतावळा,
दुसरा भानावर,
तिसऱ्याला जांभया.
म्हणजे रेग्युलेटर पाझरतोय.
मोठ्या टाकीतली दोनशे बारची हवा
धाकट्या खोलीत चोरपावलांनी येत राहते
दार लावून घेतलंय असं आपल्याला वाटत असताना.

वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो उघडला.
अकरा वायसर, बशीएवढे खोलगट, नखाएवढे लहान,
पालथा, उताणा, पालथा, उताणा,
हा क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात.
मग पिस्टनचं टोक उजेडात धरलं, भिंगाखाली.
केसाएवढा ओरखडा,
आणि त्यात बसलेली राखाडी धूळ.
"इथंही आलीच," ते म्हणाले,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवी ओ-रिंग, सिलिकॉनचं बोट फिरवून.
पंप आता मी मारते.
ते स्टुलावर बसून फक्त काट्याकडे बघतात,
"दम खा," मला सांगतात,
स्वतःला सांगितल्यासारखं.

मग हातोडीची स्प्रिंग.
पाव फेरा आवळायची, पाच छर्रे, सरासरी.
पाव फेरा, पाच छर्रे.
सातशे बेचाळीस. सातशे एकसष्ट.
सातशे ऐंशी. सातशे नव्वद.
सातशे त्र्याण्णव.
सातशे त्र्याण्णव.
सातशे त्र्याण्णव, आणि या वेळी
शेजारच्या मेरेडिथचा कुत्रा भुंकला.
कायद्याची रेघ आठशेच्या जराशी वर आहे, ती दूरच राहिली.
इथून पुढं स्प्रिंग कितीही आवळा,
वेग वाढत नाही,
आवाज वाढतो. हवा जाते.
शेवटच्या आकड्यावर खिळा टेकवून ते म्हणाले,
"तेवीस वर्षं मी इथं ठोकत होतो,"
आणि हसले, आणि हसण्याचा खोकला झाला,
आणि खोकला संपेपर्यंत
मी उगीचच छर्रे मोजत बसले.

पाव फेरा मागे.
सातशे सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी.
शहाऐंशी. सत्त्याऐंशी.
एका भरण्यात पूर्वी अठ्ठेचाळीस व्हायचे, आता एकाहत्तर.
पाटीच्या तुकड्याखाली त्यांनी रेघ मारली,
जशी हिशेब मिटल्यावर वाणी मारतो.

गुरुवारी नर्स ग्वेनो येते, पांढरी नळी घेऊन.
फुंका, इदवाल. अजून जोरात. अजून एकदा.
दोनशे दहा. एकशे नव्वद. दोनशे पाच.
ती त्यातला मोठा तेवढा लिहिते.
"मोठा कशाला लिहितेस, बाई?
तिघांत फरक किती ते लिही."
ग्वेनोला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.
तिनं दोनशे दहाच लिहिले.

रविवारी मेंढ्यांच्या कुरणात स्पर्धा.
चाळीस यार्डांवर पत्र्याचा उंदीर,
त्याच्या पोटात नाण्याएवढं भोक.
बाबा उशीवर बसले, गुडघ्यावर बंदूक,
एक श्वास जाऊ दिला, दुसरा यायच्या आधी
कुणी दिवा फुंकावा एवढाच आवाज.
उंदीर आडवा.
त्यांनी तिकडं पाहिलंही नाही,
गेजकडे पाहिलं.

परतीची वाट चढाची आहे.
बारा पावलं चालतात, थांबतात.
कुंपणाच्या दगडाला हात लावतात, निघतात.
बंदूक माझ्या खांद्यावर.
मी मागून मोजत येते.
दर खेपेला बाराच.